ऑरिनची पहिली बास्केट

"आज दहा बास्केट! एकही कमी नाही!" टॉवेलांची चळत बाकावर आदळत ऑरिनने जाहीर केलं.

"आधी बाटल्या भर," नोरीन म्हणाली.

नोरीन अमेरिकेत आयोवातल्या एका कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची मुख्य मॅनेजर. ऑरिन तिच्या हाताखालचा. मॅनेजर म्हणजे नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा! खेळाडूंचे घामट कपडे धुवा, फरशी पुसा, आणि सरावात खेळाडूने टाकलेला चेंडू बास्केटखाली झेलून पुन्हा त्याच्याच हातात द्या. हे शेवटचं काम ऑरिनचं. तीन वर्षांत त्याने लाखभर चेंडू तरी परत दिले असतील.

पण घड्याळ धावत असताना आपला चेंडू जाळीतून जातो, तेव्हा नक्की कसं वाटतं? हे कोडं त्याला स्वस्थ झोपू देत नव्हतं. त्याने खेळाडूंना विचारून पाहिलं. एक म्हणाला, "मस्त." दुसरा म्हणाला, "भूक लागते." एवढ्याने कुणाचं समाधान होणार!

मोठ्या सामन्याच्या आदल्या दुपारी दोन्ही कॉलेजांचे मॅनेजर आपसात एक सामना खेळत. ऑरिनचं कॉलेजातलं हे शेवटचं वर्ष आणि हंगामातला हा शेवटचा सामना. आजवर त्याच्या नावावर एकही बास्केट नव्हती. आज नाही, तर कधीच नाही!

सामना सुरू झाला. पाचव्या मिनिटाला पाहुण्यांचा क्लाइड धपकन पडला आणि फरशीवर घामाचा ओघळ उमटला. झालं! दहाच्या दहा जण टॉवेल आणायला धावले! चेंडू बिचारा एकटाच घरंगळत दारापर्यंत गेला.

"अरे, पुसताय काय? खेळा!" पंच ओरडला.

"जरा पाय उचला, तुमच्याखालीही ओलं आहे," क्लाइड म्हणाला.

मधल्या सुट्टीत तर दहा जण दहा बाटल्या पुढे करून उभे! "तू घे." "छे छे, आधी तू!" सुट्टी संपली तरी कुणाच्या घशाखाली थेंब उतरला नव्हता.

शेवटची बारा सेकंदं उरली. चाळीस-चाळीस अशी बरोबरी. ऑरिनने अकरा वेळा नेम धरला होता आणि अकराही वेळा चेंडूने जाळीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. इतक्यात क्लाइडने टाकलेला चेंडू बास्केटच्या कडीवर आपटला आणि अलगद ऑरिनच्या हातात आला. समोर सगळं मैदान मोकळं!

"पळ, ऑरिन! पळ!" नोरीन किंचाळली.

आता कळणार! पण त्याच्या हातांनी त्याला विचारलंच नाही. तीन वर्षांच्या सवयीने त्यांनी चेंडू नेमका क्लाइडच्या छातीशी पोचता केला. वर तोंडानेही सल्ला दिला, "कोपर सरळ ठेव!"

क्लाइडने मुकाट्याने कोपर सरळ केलं आणि चेंडू टाकला. जाळी हलली. शिट्टी वाजली.

"अरे गाढवा, तो पाहुण्यांचा आहे!"

"मला माहितीये गं! हातांना कुठे माहितीये!"

ऑरिनला रडू कोसळायचंच बाकी होतं. सामना हरल्याचं एवढं नाही, पण एकुलती एक संधी त्याने स्वतःच्या हाताने दुसऱ्याला देऊन टाकली होती. तरी ते कोडं सोडवायची खाज काही जाईना. तो क्लाइडजवळ गेला.

"तुझी ही कितवी बास्केट रे?"

"पहिलीच! चार वर्षांतली!"

ऑरिनने त्याचे दोन्ही हात घट्ट धरले. "मग सांग ना, चेंडू आत गेला तेव्हा कसं वाटलं?"

क्लाइडने डोकं खाजवलं. मग ओशाळून म्हणाला, "खरं सांगू का? मी कोपराकडेच बघत होतो."