सोबतचा रकाना

मंडळाच्या पानिपत सहलीसाठी एकशे बारा फॉर्म आले आणि वीणाच्या प्रोग्रॅमनं त्यातून बरोबर दोनशे चोवीस माणसं तयार केली.

"दोनशे चोवीस!" मंडळाचे चिटणीस दिलीपकाका फोनवर ओरडले. "अगं, गेल्या वर्षी तीन बसमध्ये मावलो होतो. आता पाच लागणार. दिल्लीत इतकी मराठी माणसं आहेत, मला बिल्कुल अंदाज नव्हता."

वीणा गुरुग्रामच्या एका कंपनीत वैद्यकीय नियतकालिकांच्या एक्सएमएल फाइलींचं काम करी. एक्सएमएल म्हणजे माहितीचा एकेक तुकडा एकेका डबीत, आणि प्रत्येक डबीवर चिठ्ठी. मंडळाच्या वेबसाइटवर कुणी फॉर्म भरला की अशाच डब्या तयार होत. वीणाचा प्रोग्रॅम त्यातून बसची यादी, गळ्यातले बिल्ले आणि गुळपोळीच्या पाकिटांचा आकडा काढी. 'सोबत कोण' ही डबी रिकामी नसेल तर एक सीट जास्त धरायची, एवढा साधा नियम होता.

मात्र दिलीपकाकांनी तो रकाना सक्तीचा करून ठेवला होता. एकट्यांचा फॉर्म पुढेच जाईना. मग मंडळाचे जुने सभासद तात्याराव यांनी ग्रुपवर उपाय टाकला: "एकटे येणाऱ्यांनी त्या रकान्यात एकदा स्पेस दाबावी. पुढे जाते. स्वानुभव." चौऱ्याऐंशी जणांनी दाबली. माणसाला तो रकाना कोराच दिसतो. प्रोग्रॅमला मात्र आत काहीतरी आहे असं दिसतं. डबी रिकामी नाही, म्हणजे सोबती आहे.

हे वीणाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. दुरुस्ती एका ओळीची होती: आधी डबी झटकायची, मग आत काही उरतं का ते पाहायचं. ऑफिसात ही चूक करणाऱ्याला ती चहा पाजून अर्धा तास समजावत असे.

पण त्या चौऱ्याऐंशींमधली एक स्पेस तिची स्वतःची होती.

गेल्या वर्षी पानिपतच्या काला अंब स्मारकाला जाताना तिच्या शेजारी अंशुमन बसला होता. सोनीपतपर्यंत दोघं धुक्याबद्दल बोलले. पुढे काहीच बोलले नाहीत, आणि तिला तोच भाग जास्त आठवे. उतरताना तो म्हणाला होता, "पुढच्या वर्षी पण हीच सीट हं." मार्चमध्ये त्याची देहरादूनला बदली झाली. कारणाशिवाय फोन करणं वीणाला जमत नसे, आणि दहा महिन्यांत तिला कारण सापडलं नव्हतं. फॉर्म भरताना तिनं सोबतच्या रकान्यात त्याचं नाव लिहिलं, पुसलं आणि स्पेस दाबली. प्रोग्रॅमनं काही न विचारता तिच्या शेजारची सीट राखून ठेवली.

दुरुस्ती केली असती तर ती सीट गेली असती. म्हणून वीणा रोज जेवणाच्या सुट्टीत नवी यादी काढी आणि फक्त 'अ' अक्षराखाली पाही. अंशुमनचं नाव नसे. दुरुस्ती उद्यावर जाई.

"वीणा, गुळपोळ्या नक्की किती गं?" गुळपोळ्यांचं काम बघणाऱ्या कल्पनामावशींनी फोनवर विचारलं.

"मावशी, थोडं थांबता का?"

"थांबते कशाची! चार बायका सकाळपासून तीळ भाजतायत. घरात धूर झालाय, शेजारचे खन्ना विचारून गेले."

दुसऱ्या दिवशी दिलीपकाकांचा फोन आला. "पानिपतचे कार्यक्रमवाले आपला आकडा ऐकून इतके खूश झाले ना, स्टेजवर जोडप्यांचा सत्कार ठेवलाय. एकशे बारा जोडपी! शाल, श्रीफळ, सगळं."

"सगळी जोडपीच कशी असतील, काका?"

"तुझी यादीच म्हणतेय. तुझी यादी कधी चुकते का?"

वीणानं 'उद्या सांगते' म्हणून फोन ठेवला. तासाभरानं खुद्द तात्यारावांचा फोन आला. तात्याराव एकाहत्तर वर्षांचे होते आणि त्यांनी लग्न केलं नव्हतं.

"वीणाबाई, मला पानिपतहून फोन आला होता. बिल्ल्यावर 'तात्याराव, सोबत' लिहून पुढे जागा सोडलीय, तर वहिनींचं नाव काय, म्हणून विचारत होते."

"अरे देवा. सॉरी, तात्याराव. मग काय सांगितलंत?"

"काय सांगणार? म्हटलं, त्यांनाच विचारून कळवतो."

ते हसत होते, पण हसणं थोडं लवकर थांबलं. वीणाला स्वतःची लाज वाटली. तिनं फाइल उघडली, ती एक ओळ लिहिली आणि प्रोग्रॅम चालवला. दोनशे चोवीसचे एकशे चाळीस झाले, पाच बसच्या तीन झाल्या. तात्यारावांच्या वहिनी गेल्या. वीणाच्या शेजारची सीटही गेली.

सवयीनं तिनं 'अ' खाली पाहिलं. अक्षता, अजित, आणि तिसरं नाव अंशुमन.

तिनं ते नाव पुन्हा एकदा वाचलं. मग तिनं मूळ फाइल उघडली. त्याचा फॉर्म नऊ दिवसांपूर्वीच आला होता. नाव लिहिताना त्यानं सुरुवातीला एक स्पेस टाकली होती. प्रोग्रॅम पहिलं अक्षर बघून नावं लावी. स्पेस कुठल्याच अक्षरात बसत नाही, म्हणून हे नाव छापलंच जात नव्हतं. आता सगळ्याच डब्या झटकल्यावर ते वर आलं होतं. छापलेली नावं तिनं एकदा जरी मोजली असती, तरी एकशे अकराच भरली असती. एरवी न मोजणं तिच्या स्वभावात नव्हतं.

शेवटी फोन करायला कारण मिळालं.

"अंशुमन, तुझ्या नावाच्या आधी एक स्पेस आहे."

"कोण... वीणा?"

"हो. त्यामुळे तू कुठल्याच अक्षरात नव्हतास."

"अच्छा. आणि आता?"

"आता 'अ'मध्ये आहेस. तिसरा." तिनं पुढचा रकाना पाहिला. "सोबतच्या रकान्यातही स्पेस आहे. ती तात्यारावांनी सांगितली म्हणून दाबलीस ना?"

"कुठे सांगितलं त्यांनी?"

"ग्रुपवर."

"मी ग्रुपवर कुठाय यार? इकडे आलो तेव्हाच सोडला."

वीणानं यादीत पुन्हा त्याची ओळ शोधली. तोच म्हणाला, "म्हणजे शेजारची सीट धरलीय ना माझी?"

"धरली होती. दहा मिनिटांपूर्वी काढून टाकली."

"का?"

"तपासल्यावर रिकामी निघाली."

"परत धर ना."

"आता नुसत्या स्पेसवर मिळत नाही. नाव लागतं."

"मग लिही की."

तिची बोटं कीबोर्डवर होती. पण पुराव्याशिवाय काही गृहीत धरायचं नाही, हे ती शाळेतल्या पहिल्या प्रयोगवहीपासून शिकली होती.

"कुणाचं?" तिनं विचारलं.

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. वीणा फोन कानाला धरून थांबली. ही शांतता रिकामी नव्हती, एवढं तिला आज न तपासता कळत होतं.