चिमणी लॉजिस्टिक्समध्ये जागा आहे का?

नोकरीच्या साइटवर आपलं प्रोफाइल झळकलं की कंपन्या दारात रांग लावतील, याबद्दल चिमणीच्या आईला तिळमात्र शंका नव्हती! चिमणी दुपारची झोपली की जो पाऊण तास हाती लागायचा, त्यात तिने फोटो चढवला. वर कडक इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा. पण खालचं दिसतंय कुणाला! गोदामातल्या डिस्पॅचचा सहा वर्षांचा अनुभव लिहिला आणि नणंदेला दाखवला.

"वहिनी, सगळं झकास. पण गेली तीन वर्षं कुठे गेली?"

"कुठे म्हणजे? ही काय, अंगठा चोखत झोपलीय."

"असं नाही चालत! मधे रिकामं दिसलं की लोक पुढे वाचतच नाहीत. काहीतरी भरा."

तिने भरलं. 'व्यवस्थापक, चिमणी लॉजिस्टिक्स.' खाली दिलं ठोकून: 'चोवीस तास सेवा. मालाची वेळेवर ने-आण. कठीण ग्राहकांचं समाधान.' तसं पाहिलं तर खालच्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ग्राहक तर इतका कठीण, की एका मोज्यासाठी जमिनीवर लोळण घ्यायचा!

तिसऱ्या दिवशी पहिला निरोप आला. गोदामकाकांचा! काका म्हणजे तिच्या जुन्या कंपनीतले गोदामप्रमुख. चलन कसं लिहायचं, ट्रकवाल्यावर आवाज कसा चढवायचा, सगळं त्यांनीच शिकवलेलं. कंपनी बंद पडल्यापासून बिचारे घरीच होते.

"पोरी, शाब्बास! मॅनेजर झालीस! तुझ्या कंपनीत या म्हाताऱ्याला जागा आहे का गं?"

खरं सांगायला एक ओळ पुरली असती. पण काकांची शाब्बासकी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मिळालेली. ती परत कशी करणार? तिने लिहिलं, "बघते, काका."

आठवड्याने पुन्हा निरोप. "टाइल्सच्या एका गोदामात घेतायत मला. शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. तुझ्याकडे जमत असेल तर त्यांना नाही म्हणतो."

आता सांगायलाच हवं होतं! तिने तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. सोमवारी तिची स्वतःचीच मुलाखत होती, व्हिडिओवर. डोकं सगळं तिकडे. शेवटी लिहिलं, "काका, सोमवारी बोलू." सहा वर्षं डिस्पॅचच्या तारखा सांभाळलेल्या बाईच्या, शुक्रवार सोमवारच्या आधी येतो हे ध्यानातच आलं नाही!

सोमवारी अकराला स्क्रीनवर साहेब आले आणि दारावरची बेल वाजली. दारात गोदामकाका! दाढी गुळगुळीत, बुटांना पॉलिश, काखोटीला सर्टिफिकेटांची फाइल.

"सोमवारी बोलू म्हणालीस, तसा आलोच बघ. ऑफिस कुठंय गं? वर का?"

"कुठलं ऑफिस?" स्क्रीनमधून साहेब.

तेवढ्यात चिमणी नुसत्या बनियनवर दुडुदुडु धावत आली आणि काकांची फाइल ओढू लागली. आता कुठे पळणार! तिने चिमणीला उचललं आणि स्क्रीनसमोर धरलं.

"सर, कंपनी हीच. तीन वर्षं मी हिला सांभाळत होते."

"मग तेवढंच लिहायचं होतंत, मॅडम," साहेब म्हणाले. आवाज चढलासुद्धा नाही. म्हणून जास्त लागलं. स्क्रीन काळी झाली.

काका खुर्चीच्या टोकावर बसले होते. "शुक्रवारीच नाही म्हणून कळवलं मी त्यांना," ते हळूच म्हणाले. मग चिमणीकडे वाकले. "काय मालकीणबाई, आहे का जागा?"

चिमणीने तोंडातलं अर्धं बिस्किट काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

काका हसले. तिला ते हसू बघवेना. टाइल्सवाल्यांचा नंबर मागून घेऊन तिने तिथल्या तिथे फोन लावला. या वेळी एक शब्द फुगवला नाही: मी घरी असते, मूल सांभाळते, काकांची दिशाभूल मी केली, माणूस सोन्यासारखा आहे, मेहेरबानी करून परत बोलवा.

पलीकडच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, उशीर केलात. सकाळीच एकाला घेतलं. अजून आम्ही त्याला पाहिलेलंही नाही. पण काय सांगू तुम्हाला, प्रोफाइल काय सुरेख आहे हो त्याचं!"