बिनटाकीचा गीझर

"आधी जुना काढून टाका, मग नव्याचं बघू," प्लंबर म्हणाले होते. ते वाक्य अजून कानात आहे. जगातल्या सगळ्या थोर सुधारणा अशाच सुरू होतात: जे चालू आहे, ते आधी बंद करून. (कोणाची निंदा करायची नाही, असा माझा रोजचा नेम आहे. तेव्हा पुढचा मजकूर संपूर्णपणे स्तुतीपर समजावा.)

आमचा टाकीवाला गीझर अकरा वर्षं बिनतक्रार चालला. हाच त्याचा मुख्य दोष, हे यजमानांच्या ध्यानात आलं. तो पाणी साठवून तापवतो, म्हणजे वीस मिनिटं वाट बघायला लावतो. बिनटाकीचा गीझर नळ उघडताच पाणी तापवतो. वेळ वाचवायचा ठरल्यामुळे अर्थातच घाई करून चालणार नव्हती. जुना गीझर त्याच दुपारी भंगारात गेला आणि निवडीचं काम हाती घेण्यात आलं.

निवड समितीत यजमान आणि भाऊजी असे दोनच सदस्य होते, त्यामुळे मतं फक्त तीन पडली. एकूण सत्तावीस मॉडेलं विचारात घेण्यात आली. कपाटाच्या दारावर तक्ता लागला. त्यात वॉट, वजन, हमी आणि 'दिसायला कसा' असे रकाने होते. 'आंघोळ कोणाची' हा रकाना तांत्रिक नसल्यामुळे वगळला होता.

आंघोळ सासूबाईंची होती. त्यांचे सांधे धरलेले, गार पाणी सोसत नाही, आणि आंघोळ झाल्याशिवाय त्या जपाच्या माळेला हात लावत नाहीत. मी पातेल्यात पाणी तापवून नेऊ लागले. पाचव्या दिवशी त्यांनी मला पातेलं उचलताना पाहिलं. "राहू दे गं. अंग पुसून घेते मी. तुझी कंबर जायची," म्हणाल्या. त्या दिवसापासून माळ खुंटीला. यजमानांनी आईला दोन दिवसांचा शब्द दिला होता, आणि तो ते दर दोन दिवसांनी न चुकता देत होते.

सातव्या आठवड्यात गीझर आला. भिंतीवर लागल्यावर कळलं, की पाण्याला जोर नसेल तर तो चालूच होत नाही. याला दोष म्हणत नाहीत, स्वाभिमान म्हणतात. जोर यावा म्हणून गच्चीवर उंच चौथरा बांधून त्यावर दोनशे लिटरची टाकी बसवली. (बिनटाकीच्या गीझरला टाकी लागते, ही साधी गोष्ट मला उशिरा समजली.) वायर जाड केली. गीझर चालू असताना फ्रिज आणि पंख्यांनी विश्रांती घ्यावी, असंही ठरलं.

त्या सकाळी मी सासूबाईंना म्हणाले, "आई, आज जपाला बसायचं. माझा शब्द." त्यांनी टॉवेल खांद्यावर घेतला आणि त्या न्हाणीघराच्या दाराशी येऊन बसल्या.

मग चाचणी सुरू झाली. यजमानांनी प्राथमिक आंघोळ केली. भाऊजींनी पडताळणीची केली. निकाल जुळेनात, म्हणून यजमानांनी पुन्हा केली. प्लंबरांनी हातपाय धुऊन समाधान व्यक्त केलं. पाणी खरोखर क्षणात तापत होतं, आणि नळ पूर्ण उघडाच ठेवावा लागत असल्यामुळे टाकीही वेळ न दवडता संपली. पाणी आता उद्या पहाटे यायचं होतं.

"वहिनी, एक थेंब गार आला नाही," भाऊजी म्हणाले.

सासूबाई टॉवेल घडी करून आत गेल्या.

शेजारी गीझर पाहायला आले. किती वॉटचा, हमी किती, सगळं विचारून, वाकून पाहून गेले. तुम्हीही, वाचकहो, इतकं वाचून आता कंपनीचं नाव विचारणार, हे मला कळतंय. आत गेलेल्या बाईचं काय झालं, ते मागाहून कधीतरी विचारालच.

नाव सांगते. पण परत आल्यावर. आधी शेजारून दोन बादल्या पाणी आणते.