एस.टी.च्या रांगेत एक स्कूटी

पहिली खटकलेली गोष्ट अगदी बारीक होती. टोलनाक्यावर मी ज्या रांगेत उभी होते, त्या रांगेत माझ्याशिवाय एकही दुचाकी नव्हती.

पुढे एस.टी., मागे एस.टी. आणि मधे मी, फिकट गुलाबी स्कूटीवर, दोन म्हशींच्या मधे सापडलेल्या कोंबडीसारखी. डावीकडच्या चिंचोळ्या वाटेनं मोटारसायकली सुरसुर निघून चालल्या होत्या. एकीवर तर तिघं होते आणि चौथी शेळी. कोणी थांबत नव्हतं, कोणी काही भरत नव्हतं. शहाण्या माणसाला इथेच शंका आली असती. मला त्यांची कीव आली. (बिचारे! यांना नवा नियम माहीत नाही. लायसन्सं जाणार सगळ्यांची. शेळीचं काय होईल कोण जाणे.)

नवा नियम मला माहीत होता, कारण तो आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर आला होता. लाल अक्षरांत. आता दुचाकीलाही टोल, टॅग नसेल तर दुप्पट दंड, आणि मोठ्या शहरांत टोल भरणाऱ्या दुचाकींना बसच्या लेनमधून जायची मुभा. दुसऱ्याच दिवशी पेपरात खुलासा आला की असा काही नियम नाही. साकेतनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तो मला मोठ्यानं वाचून दाखवला.

"काहीच नाही, तर मग खुलासा कशाला करावा लागला?" मी विचारलं.

साकेत पेपरची घडी घालून उठून गेला. (लग्न झालं तेव्हा तो माझ्याशी तासन्‌तास वाद घालायचा. आता लवकर उठतो.)

मी घाबरट आहे, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. कुकर मी स्वतः लावते, शिट्टी होणार हे मला ठाऊक असतं, तरी मी दचकते. दारव्ह्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि मागच्या बाकावर कोणी वही आपटली की माझ्या हातून खडू पडतो. तर अशा बाईनं बिनाटॅगचं यवतमाळहून दारव्ह्याला रोज कसं जावं?

टॅग घरात होता. सासऱ्यांच्या कारचा. लोक तो गाडीच्या काचेवर चिकटवतात. आमचे बाबा, नीळकंठराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यांचं म्हणणं वेगळं. "काच आपली, डिंक त्यांचा. कायले खराब करायची?" म्हणून त्यांनी तो आमच्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर चिकटवून पुढच्या खणात ठेवला होता. नाका आला की पुढच्या सीटवर बसलेल्यानं पुठ्ठा काढायचा, काचेशी धरायचा आणि बाबा "वर... अजून वर... डावीकडे" म्हणतील तसा हलवायचा. आमच्याकडे टोल भरत नाहीत, टोलनाक्याला ओवाळतात.

त्या दिवशी घरची सगळी मंडळी वणीला जाणार होती. नणंदेच्या, मितालीच्या लग्नाची बैठक होती. सलीलमामांची मोठी गाडी येणार होती, त्यामुळे आमची कार घरीच. मला दुपारी प्रॅक्टिकलची ड्यूटी, त्याआधी स्कूटी गॅरेजात दाखवायची, म्हणून मी सकाळीच निघाले. निघताना मनात आलं, कार घरी म्हणजे टॅग रिकामाच. घेतला. संध्याकाळी जागच्या जागी ठेवीन.

एवढंच केलं मी. चोरी म्हणावी इतकंही नाही.

पुढची बस गेली. मी खिडकीपाशी आले. आत एक मुलगी बसली होती, छातीवर 'मोनाली' अशी पट्टी, एका कानात इअरफोन.

"मॅडम, दुचाकी तिकडून."

"मला भरायचाय."

"काय?"

"टोल."

तिनं दुसरा कान मोकळा असल्याची खात्री करून घेतली. "काहून?"

त्या खिडकीतून हा प्रश्न कोणाला विचारला गेला असेल, असं मला वाटत नाही. मी हेल्मेटची काच वर केली, पुठ्ठा उंच धरला आणि बाबांच्या पद्धतीनं हलवायला लागले. वर. अजून वर. डावीकडे.

पीं! दांडा वर गेला. मी आनंदानं गाडी पुढे काढणार, तेवढ्यात समोरच्या पाटीवर नंबर उमटला. तो आमच्या कारचा नव्हता. मागच्या एस.टी.चा होता.

"थांबा, हा माझा नाही!" मी किंचाळले आणि ब्रेक दाबला. (लोक मला प्रामाणिक समजतात. नुसती भीती आहे ती.) दांडा खाली आला.

मागून ड्रायव्हरचं डोकं बाहेर आलं. "ओ ताई! माह्या गाडीचा टॅग खाल्ला नं तुम्ही!"

"मी नाही, मशीननं खाल्ला!"

"मशीनले काय पोट हाये? आता माह्या गाडीले दुसऱ्यांदा उघडणार नाही ते. मोनालीबाई, सांगा यांले!"

"देवसिंगभाऊ, मले कायले सांगता?" मोनाली म्हणाली. "मशीन म्हणते ते मी ऐकतो."

आता बसमधली अर्धी माणसं खाली उतरली होती. रस्त्यावर एक बाई, एक बस आणि एक दांडा अडकलेला दिसला, की आमच्याकडे माणूस सीट सोडतो. कोणी म्हणालं स्कूटी आडवी करा. कोणी म्हणालं मशीन बंद करून चालू करा. एकानं माझ्या स्कूटीचा हॉर्न वाजवून पाहिला. मी दचकले, तर तो म्हणाला, "हॉर्न चालू हाये," आणि समाधानानं बाजूला झाला.

गर्दीतून एक म्हाताऱ्या बाई पुढे आल्या. बाहीवर आरशांचं काम, हातात भाजीची पिशवी. लालीबाई त्यांचं नाव, कारण मागून सगळे "लालीबाई, जाऊ द्या" म्हणत होते आणि त्या जाऊ देत नव्हत्या.

"पोरी, एवढ्याशा उंचीवरून कसं दिसन त्याले? आण इकडं."

त्यांनी पुठ्ठा घेतला, एक पाय स्कूटीच्या पायदानावर ठेवला, दुसरा हात माझ्या हेल्मेटवर, आणि टॅग आभाळाला दाखवला.

पीं!

या वेळी नंबर आमचाच होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोनालीनं मात्र पाटी पाहिली, मग मला पाहिलं, मग माझ्या स्कूटीची चाकं मोजल्यासारखी पाहिली.

"ही तं कार हाये."

"हो."

"कुठं हाये कार?"

"घरी."

"म्हणजे घरी उभ्या कारचा टोल तुम्ही स्कूटीवर आणून भरून राह्यल्या?"

एखादी गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की कशी वेगळीच वाटते! मागे चर्चा सुरू झाली.

"योजना असन एखादी."

"भरल्यावर काही भेटते काय?"

"त्याबिगर कोणी एवढं जिवावर उदार होईन?"

मी स्कूटी ढकलत पलीकडच्या निंबाखाली नेली. देवसिंगनंही मोनालीशी हुज्जत घालून एकदाची बस सोडवली आणि ती माझ्याच शेजारी आणून उभी केली. इंजिन गरम झालंय म्हणाला. (इंजिन नव्हे. पुढे काय होतं ते बघायचं होतं त्याला.)

कॉलेजला उशीर होतोय हे कळवायला मी फोन काढला, तर साकेतचा मेसेज दोन तासांपूर्वीच येऊन पडला होता. "मामांची गाडी बंद पडली. आपल्याच कारनं निघालोय. तू काळजी करू नको."

शेवटचं वाक्य वाचून मी मेसेज पुन्हा पहिल्यापासून वाचला.

आपल्याच कारनं. बिनाटॅगच्या. आणि पुढच्या सीटवर बाबा.

तुम्ही बाबांना ओळखत नाही म्हणून सांगते. बिनाटॅगचे जास्त पैसे मागितले, तर बाबा देणार नाहीत. ते गाडीतून उतरतील, शर्टाच्या बाह्या सरळ करतील आणि "तुमचा वरचा कोण?" असं विचारतील. त्यांची अख्खी नोकरी लोकांनी त्यांना हा प्रश्न विचारण्यात गेली, आता ते वसूल करतात. अमरावतीचं स्थळ असंच गेलं होतं. पेट्रोल पंपावर चाकात हवा कमी भरली यावरून बाबा असे तावातावानं भांडले, की पोहोचेपर्यंत तिकडची मंडळी दुसरी मुलगी बघायला निघून गेली.

आणि वणीचे व्याही तर कोळशाच्या खाणीत आयुष्यभर भोंग्यावर पाळ्या सांभाळलेले. वेळ म्हणजे वेळ. "उशिरा येणारी माणसं संसारातही उशिराच येतात," असं त्यांनी फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं.

मितालीला हा मुलगा मनापासून आवडला होता. आदल्या संध्याकाळी माझ्याकडून साडीच्या निऱ्या करून घेताना ती एकदम म्हणाली होती, "वहिनी, या वेळी बाबांना कुठे भांडू देऊ नका हं. मला हाच पाहिजे." मी तिला वचन दिलं होतं. आणि वचन देऊन सकाळी टॅग घेऊन पसार झाले होते.

मी साकेतला फोन लावला. वाजून वाजून बंद. तो गाडी चालवताना फोन घेत नाही. (ही सवय मीच लावली, रडून.) मितालीचा बंद. सासूबाई, म्हणजे सुहासिनीबाई, फोन पर्समध्ये ठेवतात आणि पर्स डिकीत. बाबांचा व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. पुन्हा व्यस्त.

"कोणाशी बोलत असतील इतकं?" मी रडकुंडीला येऊन म्हणाले.

देवसिंग खिडकीतून म्हणाला, "ताई, आता टोल कटला नं, त्याचा मेसेज सासऱ्याच्याच मोबाईलवर गेला असन. कार दारव्हा रोडच्या नाक्यावरून पास झाली म्हणून."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एम.एस्सी. आहे मी.

"म्हणजे त्याले वाटन, कार चोरीले गेली," लालीबाई म्हणाल्या.

"पण कारमध्ये तर ते स्वतः बसलेत!"

"मंग बुढ्याले चक्कर येईन बाप्पा." त्यांनी क्षणभर विचार केला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "घाबरू नको. माह्या भारतचं लगन जमवाले गेलतो, तवा आमचं ट्रॅक्टर नाल्यात गेलतं. अर्धे पाव्हणे चिखलात. तरी जमलं."

मला जरा धीर आला. "मग? सगळं नीट झालं?"

"हो नं. सून अजून मले रोज त्या नाल्यावरून बोलते."

मी पुन्हा साकेतचा नंबर फिरवला. बसमध्ये कोणीतरी भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या थांबवल्या. रिंग वाजत राहिली. मी मनात मजकूर पाठ केला, कारण साकेत मधे बोलला की मी वाक्य विसरते, आणि या वेळी एकही वाक्य विसरून चालणार नव्हतं.

फोन उचलला गेला.

"हॅ..."

"बोलू नकोस, आधी ऐक!" मी एका दमात सुटले. "टॅग माझ्याकडे आहे. कार चोरीला गेलेली नाही, मीच स्कूटीवर भरला टोल. बाबांना नाक्यावर उतरू देऊ नकोस, बाह्या सरळ करायला लागले तर धरून बसव. जास्त मागतील तर मुकाट्यानं दे. तो मुलाचा बाप दारात घड्याळ धरून उभा असेल, बाबा म्हणालेच ना, तो माणूस नाही, अलार्म आहे अलार्म. उशीर झालाच तर पंक्चर सांगा. आणि आईंना म्हणावं, शंकरपाळे मितालीनं केलेत असं चुकूनही सांगू नका, डब्याच्या खाली दुकानाची चिठ्ठी तशीच आहे. कळलं? आता बोल."

पलीकडे कोणीतरी घसा साफ केला. तो घसा साकेतचा नव्हता.

"सूनबाई," एक भारदस्त आवाज आला, "मी अलार्म बोलून राह्यलो."

हेल्मेट डोक्यावरच होतं. मी काच खाली ओढून घेतली.

"मंडळी वेळेवर आली. आम्हीच आतल्या रस्त्यानं बोलावलं होतं, तिकडं टोल नाही. तुमचे सासरे अंगणात बँकवाल्याले झापून राह्यले, अन् तुमचे मिस्टर त्यांले आवरून राह्यले. मोबाईल इथं वाजून वाजून थकला, म्हणून म्या उचलला."

मागे कोणीतरी हसू दाबत होतं, आणि ते दाबलं जात नव्हतं. मितालीचं हसणं मी कुठेही ओळखीन. तिच्यासोबत एक पुरुषी हसणंही होतं, तरणं.

"सॉरी," मी म्हणाले. बहुतेक म्हणाले.

"सॉरी कायची? पोरगी आम्हाले पसंत हाये. फक्त ते शंकरपाळ्याचं जरा पुन्हा सांगा. मी आता स्पीकर लावला, मघाशी मागच्या लोकांले नीट ऐकू आलं नाही."