शटरचं फिटिंग

कुंदावहिनी बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, खांद्यांकडे बघतात. "मास्तर, तुमचा डावा खांदा उतरलेला हाय. पिशवी उजव्या हातात धरत जा," हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य. मी कर्जतच्या शाळेत बदलून आलो होतो आणि त्यांच्या घरासमोर भाड्याने राहायला लागलो होतो. नाव-गाव विचारणं नंतर झालं.

वहिनींनी जन्मभर शिवणाचा क्लास चालवला. टेप अजून गळ्यात असते, आणि गळ्यात आहे म्हणून वापरली जाते. बाजारात त्या दुधी घेतात तोही मापून. सगळ्या जगाकडे त्या कपडा म्हणून बघतात. आमच्या गल्लीचा रस्ता "घेरात कमी", नवा सरपंच "कच्ची शिलाई", आणि माझं लग्न जमत नव्हतं तेव्हा त्यांनी निदान केलं, "तुमी अजून ट्रायललाच अडकलाय."

त्यांचं घर जोडघर आहे. दोघा भावांनी शेजारी-शेजारी बांधलेलं, पुढे दोन गॅरेजं, दोन शटरं, आणि वर रस्त्याच्या बाजूने मागची छपरं झाकणारी एकच लांब रंगीत पत्र्याची पट्टी. दोघे भाऊ गेले. मागे दोन जावा राहिल्या, थोरल्या कुंदावहिनी आणि धाकट्या सुशीलावहिनी. दोघींचं एकमेकींशी बोलणं नाही. सुशीलावहिनींनी लेकीच्या लग्नातला ब्लाऊज खोपोलीच्या बुटीकमध्ये शिवून घेतला, तेव्हापासून नाही. "शिवला तर शिवला," वहिनी मला म्हणाल्या होत्या, "पण पाठीत चोळामोळा होता. फोटोत दिसतोय."

तर मोबाईलवर वादळाचा इशारा आला. गल्लीतल्या लोकांनी मेणबत्त्या आणल्या, टाकीत पाणी भरलं. वहिनी गॅरेजसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि शटरवर बोटाने टकटक केलं.

"ह्याच्या खांद्यात ढील हाय."

मागच्या मोठ्या वादळात गल्लीच्या टोकाचं एक शटर आत वाकलं होतं. वारा तिथून घरात शिरला आणि त्याने छप्पर आतून उचलून भातखाचरात टाकलं. वहिनींनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे यावेळी त्या पेटल्या होत्या. खोपोलीहून वेल्डिंगवाला आला. त्याला त्यांनी काम सांगितलं ते असं: शटरला मागून दोन उभे लोखंडी पाईप, "कॉलरला कॅनव्हास घालतो तसे". पाईप खाली लादीतल्या भोकात आणि वर तुळईला बोल्टने, "हुक आणि काज". दोन्ही बाजूंच्या खाचा, ज्यातून शटर वरखाली होतं, त्या आत दाबून घ्यायच्या, "शिवण घट्ट". आणि खाली फटीला रेतीच्या गोणी, "घेराला दुमड".

वेल्डिंगवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, ह्या शटर बोलतायत का परकर?"

काम झालं. मग ट्रायल. वहिनींनी मला बाहेर उभं केलं आणि स्वतः आत गेल्या.

"मास्तर, वारा व्हा!"

मी बेताने शटर ढकललं.

"फुंकर नको मारू रं! वारा हो म्हणते ना!" घाईत त्या अहो-जाहो विसरल्या. मी चार पावलं मागे गेलो आणि खांद्याने शटरवर आदळलो. समोरच्या दुकानातली गिऱ्हाईकं बाहेर आली. तीन वेळा आदळलो तेव्हा आतून आवाज आला, "बसलं फिटिंग." माझा जो खांदा उतरलेला नव्हता, तोही त्या दिवशी उतरला.

मला वाटलं, सुटलो. पण वहिनी बाहेर आल्या आणि शेजारच्या शटरकडे बघत राहिल्या. सुशीलावहिनींचं ते शटर तळाला गंजलेलं, एका बाजूची खाच उघडी पडलेली. त्या गॅरेजमागेच सुशीलावहिनींची झोपायची खोली. गुडघ्यांमुळे त्यांना पळणं सोडा, भरभर चालणंही जमत नाही.

"मास्तर," त्या फाटकापाशी जाऊन मोठ्याने म्हणाल्या, "त्यांना सांगा, दार धड नाय."

सुशीलावहिनी त्यांच्या ओट्यावर, दहा पावलांवर तांदूळ निवडत होत्या. "मास्तर, त्यांना सांगा, आमचं दार आमी बघू."

मी दोघींच्या मध्ये उभा. सांगायचं काही उरलंच नव्हतं, तरी दोघी माझ्याकडे बघत होत्या म्हणून मी दोन्ही वाक्यं परत म्हटली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी आभाळ काळंनिळं झालं, झाडाचं पान हलेना. वहिनींनी उरलेले दोन पाईप खांद्यावर घेतले, वेल्डिंगवाल्याला पुढे घातलं आणि थेट जावेच्या फाटकात उभ्या राहिल्या.

"मास्तर, त्यांना सांगा, दोन्ही गॅरेजचे पत्रे वरून सलग हायेत. त्यांचं दार गेलं का माझे पत्रे उडणार. गॅरेजातल्या माझ्या शिवणाच्या मशिनी भिजणार. मी माझ्या मशिनींसाठी आलेय, दुसऱ्या कुणासाठी नाय."

सुशीलावहिनी वर पट्टीकडे बघत राहिल्या. मग उठल्या आणि चावी आणली.

आम्ही पाईप उभे केले. वहिनींनी टेपचं एक टोक धरलं, दुसरं धरायला कुणी नव्हतं, ते सुशीलावहिनींनी धरलं. वेल्डिंगवाला काम आटपून मोटारसायकलवर निघून गेला. आम्ही शटर खाली ओढून आतून गोणी लावत होतो आणि वारा आला. सांगितलेल्या वेळेच्या कितीतरी आधी, भर दुपारी.

शटर आधी थरथरलं, मग पोट फुगवल्यासारखं आत आलं. पत्रा किंचाळायला लागला. दिवे गेले. डाव्या पाईपचं खालचं टोक भोकातून वर सरकू लागलं. मी धावलो, पाईप मिठीत धरला, पण तो मलाच उचलत होता. वहिनी गोणी ओढून पाईपाच्या बुडाशी टाकत होत्या. त्याही सरकत होत्या.

"सुशे! बस ह्याच्यावर! बस लवकर!"

सुशीलावहिनी भिंत धरत आल्या आणि गोणीवर बसल्या. शेजारी वहिनी बसल्या. "टाच रोव गं. पाठ भिंतीला लाव."

"गुडघा वाकत नाय ओ ताई!"

"मग सरळ ठेव, माझ्या पायावर ठेव. पण उठू नको!"

दोघी तशाच बसून राहिल्या, एकमेकींचे दंड धरून. मी पाईपाला बिलगलेला. बाहेर कुणाचं तरी पिंप गल्लीतून गडगडत गेलं. काहीतरी मोठं छपरावर आदळलं. शटर फुगत होतं, मागे जात होतं, पुन्हा फुगत होतं. पण खाच सुटली नाही. बोल्टही सुटले नाहीत.

वारा पडला तेव्हा वहिनी उठल्या, लुगडं झटकलं आणि म्हणाल्या, "मास्तर, त्यांना सांगा, गोणी इतक्यात काढू नका."

सुशीलावहिनी म्हणाल्या, "मास्तर, त्यांना सांगा, बरं."

दुसऱ्या दिवशी छपरावर पडलेली आंब्याची फांदी काढायला मी शिडी लावून वर चढलो. पट्टीच्या मागे पाहिलं आणि तिथेच थांबलो. पत्रे सलग नव्हतेच. दोन गॅरेजांची दोन छपरं, मध्ये हात जाईल एवढी मोकळी जागा, दोन्हीकडे आपापली भिंत. सुशीलावहिनींचं छप्पर उडून गेलं असतं तरी वहिनींचा खिळाही हलला नसता.

उतरून मी वहिनींकडे गेलो. त्या मशीनला तेल घालत होत्या.

"वहिनी, पत्रे तर वेगळे आहेत."

त्यांनी ओठ मिटले आणि तोंडाकडे बोट दाखवून खूण केली, की तोंडात टाचण्या आहेत, बोलता येत नाही. तोंडात एकही टाचणी नव्हती.

मी सुशीलावहिनींकडे गेलो. म्हटलं, यांना खरं कळायला हवं. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहाचं आधण ठेवलं आणि पाठमोऱ्या राहूनच म्हणाल्या, "मला काय नवीन सांगता मास्तर? ते पत्रे बसवले तेव्हा खाली मीच उभी होते."

"मग तुम्ही त्यांना तेव्हाच का नाही सांगितलं?"

"इतक्या वर्षांनी माझ्या फाटकात आल्या होत्या," त्या म्हणाल्या. "खोटं हाय म्हटलं असतं, तर परत गेल्या असत्या की."