फुगलेल्या दाराचा आठवडा

घरातल्या एका दारासाठी सुताराची वाट पाहत बसणे मला कधीच पटलेले नाही. लाकूड, लोखंड आणि थोडा निग्रह, एवढ्यावर माणसाने जहाजे बांधली. आमचे तर झोपायच्या खोलीचे साधे दार होते!

सोमवारपासून पावसाने ठाण मांडले होते. आभाळ न पिळलेल्या चादरीसारखे छपरांवर पडून होते. मिठाला पाणी सुटले, काड्या पेटेनात, पूल पाण्याखाली गेला आणि रस्ता बंद झाला. दोन दिवसांसाठी आलेले सासरे त्यामुळे मुक्कामाला राहिले, आणि बायकोची मुलाखतही घरूनच, संगणकासमोर बसून द्यायची ठरली. पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागाच्या प्रमुखाची जागा होती. या जागेवर तिचा कितीतरी वर्षे डोळा होता. शुक्रवारी सकाळी अर्धा तास शांतता हवी, एवढेच तिचे मागणे.

शांतता देऊ शकेल असे घरात एकच दार, आणि ते ओलीने फुगून काही केल्या मिटेना. सुताराला गाठले, तर अख्ख्या वस्तीची दारे फुगलेली. त्याला मान वर करायला सवड नव्हती. त्याने रंधाच माझ्या हाती ठेवला आणि तो परत आणून द्यायची शपथ घातली.

बुधवारी मी रंधा चालवला. सालपटांतून ओल्या अरण्याचा वास दरवळला आणि माझे भान हरपले. शेजारी खुर्ची टाकून बसलेले सासरे भानावर होते. पण ते “अजून जरा घ्या, जावईबापू” एवढेच म्हणत होते. त्या भरात मी खिडक्यांवरूनही रंधा फिरवला. शेवटी दार अलगद मिटले. बायकोने ते दोनदा उघडमीट करून पाहिले.

“अजून पाऊस आहे,” ती म्हणाली.

या वाक्यात काव्य आहे, हे मला जाणवले. सूचना आहे, हे जाणवले नाही.

गुरुवारी आभाळ उघडले. कोरडा वारा सुटला आणि घराची सारी ओल पिऊन गेला. वस्तीतली दारे आपापल्या मापावर परतली. आमचे मात्र इतके रोडावले की कडी कोयंड्यापर्यंत पोचेना. शुक्रवारी वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेसरशी ते आत उघडू लागले. खिडक्या बंद कराव्यात, तर त्यांचीही तीच गत. आतून खुर्ची टेकवावी, तर खोलीतल्या एकुलत्या खुर्चीवर बायको बसलेली, आणि मुलाखत सुरू झालेली.

मग मी बाहेरून मूठ पकडली आणि दार ओढून धरले. माझ्या मागे, बैठकीच्या खोलीभर, आठवड्याचे तुंबलेले, सकाळीच धुतलेले धुणे दोरीवर फडफडत होते. न बोलावता सासरे मदतीला आले आणि त्यांनी मागून माझी कंबर धरली. गुदगुल्या होतात, सोडा, असे मी कुजबुजलो. तुम्ही दाराकडे लक्ष द्या, असे उत्तर आले.

पण सुकलेल्या लाकडात मुठीचे स्क्रूही सैल झाले होते. मूठ माझ्या हातात आली. मी सासऱ्यांवर, सासरे धुण्यावर, आणि दोरी तुटून ओली चादर आम्हा दोघांवर! दार सावकाश, नाटकाच्या पडद्याच्या इतमामाने, पूर्ण उघडले. बायकोची दाराकडे पाठ होती. अर्थात संगणकातल्या तिन्ही साहेबांची तोंडे आमच्याकडे.

तिने मान वळवली. आवाज जराही चढला नाही.

“बाबा, आधी तुम्ही उठा. डाव्या हाताला भिंत आहे, तिला धरा. लागलं नाही ना? आणि तू उठू नकोस. आहेस तिथेच राहा.”

मुलाखत संपेपर्यंत मी चादरीखाली होतो. कापडातून गाळून येणारा तो फिकट उजेड एरवी मला फार आवडला असता.

संध्याकाळी फोन आला. तिची निवड झाली होती. त्यांना तुझे कोणते उत्तर एवढे पसंत पडले, असे मी विचारले.

“उत्तर द्यावंच लागलं नाही,” ती म्हणाली. “अवघड माणसं सांभाळायचा काही अनुभव आहे का, असं त्यांनी विचारलं, आणि दार उघडलं.”