सुई न टोचलेला उंदीर

सकाळी अकरा वाजता अंधाऱ्या खोलीत निळा दिवा लागला आणि डाव्या पिंजऱ्यातला उंदीर नेमका गाठीच्या जागी झगझगीत चमकला!

समितीने टाळ्या वाजवल्या. संशोधक स्वराली मात्र दोन्ही पिंजऱ्यांकडे आळीपाळीने पाहू लागली. तिने इंजेक्शन दिलं होतं उजव्याला! डावा नुसता तुलनेसाठी ठेवलेला, कोरा करकरीत.

थोड्याच वेळापूर्वी तिने छातीठोकपणे सांगितलं होतं, "आमचे नॅनोकण म्हणजे चोख कुरिअरवाले! कॅन्सरची गाठ शोधणार, चमकून पत्ता कळवणार आणि औषधाचं पार्सल त्याच दारात उघडणार. शेजाऱ्याला वाससुद्धा नाही!" प्रकल्पाला आणखी दोन वर्षं मिळणार की कुलूप लागणार, हे आज ही समिती ठरवणार होती.

उजवा उंदीरही चमकत होता; पण व्होल्टेज पडलेल्या बल्बासारखा.

"डावा जबरदस्त!" अध्यक्ष म्हणाले. "उजव्याला काही दिलेलं नाही ना?"

"नाही, म्हणजे उलट..."

"बरोबर ओळखलंत सर!" विभागप्रमुख केशव सरांनी तिचं वाक्य झाकून टाकलं.

पिंजरे बदलले? सुई चुकली? की कण भिंत ओलांडून पलीकडे गेले? स्वराली बाहेर धावली. उंदरांची देखभाल करणारा मल्हारी व्हरांड्यात खुराक मोजत होता. कन्नड तालुक्यातला धनगर, उंदरांनाही तो लेकरंच म्हणायचा.

"मल्हारीभाऊ, डाव्याला कुणी काही दिलं का?"

"कोण देतंय, म्याडम? ना सुई, ना औषिद! दुसऱ्याचे लई लाड. मंग म्याच खंडोबाचा भंडारा लावला."

"हळद?" स्वराली किंचाळली. निळ्या उजेडात हळद कशी उजळते, हे तिला पाठ होतं! "कुठे लावलीत?"

"गाठीवरच की! दुखतंय तिथंच लावायचं असतंय. तुम्हीच तर सांगत व्हता आत्ता."

तेवढ्यात केशव सरांनी दारातून डोकं काढलं. "स्वराली, मंजुरी जवळजवळ झालीच! डाव्याला जे दिलंय, त्याचा नमुना मागतायत. आण लवकर!"

"सर, डाव्याला..."

"आधी आण, मग बोल!"

मल्हारीने कमरेची पिशवी सोडली. "हाय की शिल्लक. देऊ का?"

दुपारी बाराला हाती आलेली माहिती अशी : स्वराली आत गेली असून दार बंद आहे. तिच्या मुठीत कणांची कुपी होती की भंडाऱ्याची पुडी, हे बाहेरच्या कुणालाही दिसलेलं नाही.